पाहुण्याचा रकाना

दौलताबाद,
४ डिसेंबर २०२५

तनू पोरी,

तुला भरभरून आशीर्वाद, आणि पेरूच्या पाटीत चिठ्ठी सापडली म्हणून दचकू नकोस. पेरू तुला आहेत, चिठ्ठीही तुलाच आहे. आपला कचरू रोज टेम्पोनं शहरात माल उतरवतो, त्याला तुझं उस्मानपुऱ्यातलं ऑफिस समजावून सांगितलंय. तुझं उत्तर त्याच्याच हाती दे.

मामानं फोन का नाही केला म्हणशील. एक तर माझा डावा कान गेला आणि उजवा त्याच्याच वाटेवर आहे. फोनवर मी ओरडून बोलतो आणि समोरच्याला वाटतं हा भांडतोय. दुसरं म्हणजे फोन तुझ्या घरात वाजणार, आणि घरात तुझी आई आहे. आम्हा बहीणभावाचं बोलणं बंद आहे हे तुला माहीत आहे. त्यात माझा ओरडा तिच्या कानी नको.

आता कामाचं. गेल्या साली हुरड्यासाठी मी वेबसाइट करून घेतली, इथल्या झेरॉक्सवाल्याकडून. दिसायला झ्याक आहे. गडाचा फोटो, शेताचा फोटो, फेटा बांधलेला माझा फोटो. पण कुणी मोबाइलला विचारलं की दौलताबादजवळ हुरडा कुठं मिळतो, तर तो सांगतो, सर्जेरावाकडं. सर्जेरावाची वेळ सांगतो, भाव सांगतो, रस्ता दाखवतो, आज चालू का बंद तेही सांगतो. माझं नाव औषधालाही नाही. माझी गुळभेंडी ज्वारी आजोबांच्या बियाण्यापासून चालत आलेली, दाणा असा की तळहातावर चोळला तर कोंडा उडून नुसतं मोती उरतात. सर्जेरावाचं काय आहे ते मी बोलत नाही, शेजारी आहे. पण परवा एक कुटुंब माझ्याच बांधावर गाडी थांबवून मलाच विचारत होतं, "काका, सर्जेरावांचा हुरडा कुठंय?" मी हातानं रस्ता दाखवला. काय करणार!

तू हेच काम करतेस म्हणे. बघ काही होतं का. आणि आईनं पेरू कुणाचे विचारलं तर बाजारातले सांग.

तात्यामामा


उस्मानपुरा,
९ डिसेंबर

तात्यामामा,

माझा नमस्कार, आणि ऑफिसातल्या सगळ्यांचाही, कारण अर्धी पाटी इथंच संपली. उरलेले पेरू घरी नेले आणि तुम्ही सांगितलं तसं बाजारातले म्हणाले. आईनं एक उचलला, हुंगला, फोडला आणि म्हणाली, "बाजारातले हायत व्हय!" मग आणखी दोन खाल्ले. म्हणजे तुमचं खोटं पचलं नाही, पेरू मात्र पचले.

वेबसाइट पाहिली. वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची श्रेया उठून बघायला आली. तुम्ही लिहिलंय, 'पत्ता: सगळ्यांना माहीतच आहे. वेळ: ऊन उतरल्यावर. हुरडा कधी: दाणा दुधात आला की. दर: वाजवी.' मामा, माणसाला यातून सगळं कळतं. पण या पानाला दोन वाचक असतात, एक माणूस आणि एक मशीन. मशीन आधी वाचतं आणि मग माणसाला सांगतं की अमुक ठिकाणी जा. 'सगळ्यांना माहीत आहे' या तुमच्या सगळ्यांत मशीन येत नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही तर कळणार कुठून?

म्हणून पानाच्या आतल्या बाजूला, माणसाला दिसणार नाही अशी, मशीनपुरती माहिती लिहून ठेवायची असते. हे ठिकाण, ही तारीख, ही वेळ, हा दर, असं एकेक नाव लावून. गावजेवणाला घराघरातून भांडी गोळा करतात ना, तसं आहे हे. जेवणाऱ्याला भांड्याच्या बुडावरचं नाव दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी भांडी परत करणारा त्याच नावावर चालतो. आमच्या घरात तो पितळी डबा आहे, बुडाला 'साळूस दादाकडून' असं घातलेला. आई त्यात काही ठेवत नाही. दर दिवाळीला चिंचेनं घासून ठेवते तेवढी.

तर मला नीट लिहून पाठवा: शेताचा गट नंबर आणि रस्ता, पहिल्या दिवसाची तारीख, वेळ, दर, आणि कोण कोण येऊ शकतं. आमच्या कामात एक नियम कडक आहे. आत जे लिहायचं ते बाहेर माणसालाही दिसलं पाहिजे. आत एक आणि बाहेर दुसरं असलं की ती लबाडी धरतात.

तनू


दौलताबाद,
१६ डिसेंबर

तनू पोरी,

तुझ्या प्रश्नांनी मला शाळेत बसवलं. गट नंबर आणि रस्ता मागच्या पानावर लिहिलाय. रस्त्याला फक्त चिंचेच्या झाडाची खूण सांगत होतो, आता चिंचेच्या आधी किती किलोमीटर तेही घातलंय. रोजचा दरही लिहिलाय.

तारखेवर मात्र माझा जीव अडला. अगं, दाणा कधी भरणार हे दाण्यालाच माहीत नाही, मी कुठून सांगू? आजोबा सकाळी कणीस दातांत धरून बघायचे आणि मग गावात सांगावा धाडायचे. पण तुझ्या मशीनला दातच नाहीत म्हटल्यावर घाल तारीख, ११ जानेवारी, रविवार. ज्वारीला मी समजावतो.

पहिल्या दिवसाचे पैसे घ्यायचे नाहीत. आपल्या शेतात पहिला दिवस लेकीबाळींचा असतो. पहिलं कणीस भाजलं की पहिली मूठ भावानं बहिणीच्या हातात ठेवायची, मग बाकीच्यांनी खायचं. हे तुझ्या आजोबांपासून चालत आलंय. वेबसाइटवर लेकीबाळींचं लिही, मुठीचं लिहू नकोस.

डब्याचं वाचलं. बरं वाटलं. तेवढंच.

आणखी एक विचारायचं होतं. ते आतलं लिहिलेलं माणसाला दिसत नाही, हे नक्की ना? तुझ्या मामीला, लीलाबाईला दाखवलं तरी दिसणार नाही? मग त्यात पाहुणा कोण असा काही रकाना असतो का? असला तर पहिल्या दिवसाच्या पुढं एक नाव घाल. मी लिहून देतो तसंच घाल, काना-मात्रा बदलू नकोस: साळू रंगनाथ औताडे. बाहेर काही लिहायचं नाही. तुझा नियम मला कळला, पण नियम मामापेक्षा मोठा नसतो.

तात्यामामा


उस्मानपुरा,
२२ डिसेंबर

तात्यामामा,

झालं काम. तपासून पाहिलं, मशीननं सगळं बिनतक्रार वाचलं. आता त्याला माहीत आहे की औताडे यांचं शेत हे ठिकाण आहे, हुरडा हा तिथला कार्यक्रम आहे आणि पहिल्या दिवसाचा दर शून्य आहे.

पाहुण्याचा रकाना असतो. त्यात नाव घातलं, तुम्ही लिहिलं तसंच. नोकरीत पहिल्यांदा मुद्दाम नियम मोडला, तोही मामासाठी. पण मामा, एक समजून घ्या. नाव तिथं लिहिलं म्हणून मशीन काही उठून आईला सांगावा द्यायला येणार नाही. ते नाव तिथं पडून राहील. मशीनला कळेल आणि आईला कळणार नाही. उपयोग काय?

तुम्ही विचारलं नाहीत तरी आईकडून ऐकलेलं लिहिते. चार वर्षांपूर्वी पहिल्या हुरड्याला ती बिडकीनच्या आमच्या घरून दोन एसट्या बदलून आली होती, हातात तोच डबा. विहिरीपाशी पोचली तर आगटी पेटलेली, भोवती पैसे भरून आलेली शहरातली माणसं, आणि दाणे काढून मोकळ्या झालेल्या कणसांचा ढीग पडलेला. ती तिथूनच परत फिरली. घरी येऊन एवढंच म्हणाली, "दादाला आता गिऱ्हाईक मिळालं, बहीण कशाला लागती?" बाबा गेल्यावर आम्ही इथं शहरात राहायला आलो, तुमच्यापासून अर्ध्या तासावर, तरी तिचं एकच: बोलावणं आल्याशिवाय पाय टाकणार नाही.

एक सांगावा द्या ना. मी नेते तिला.

तनू


दौलताबाद,
५ जानेवारी २०२६

तनू पोरी,

आधी गोड बातमी. तुझी जादू चालली! मोबाइलला विचारलं की आता माझं नाव येतं, वेळेसकट, रस्त्यासकट. फोन इतके वाजतात की मी तो लीलाबाईकडं दिला. ती प्रत्येकाला "जेवलात का?" विचारते, मग तारीख सांगते. सर्जेराव परवा बांधावर येऊन विचारून गेला, "तात्या, कुणाकडून केलं?" मी म्हणालो भाची आहे माझी. छाती कशी फुगली होती म्हणून सांगू!

आता तुझ्या पत्राच्या दुसऱ्या भागाचं. त्या दिवशी माणसं दुपारपासून ताटकळली होती, लेकरं रडत होती, एसटीचा पत्ता नव्हता. आणि तिनं थांबून एक हाक मारायची होती. मी आगटीपाशीच होतो. आणि मला सांग, बापाच्या शेतात यायला कुठल्या लेकीला आवतण लागतं? मी बोलावलं तर त्याचा अर्थ असा होतो की ती परकी झाली. तिला एवढं कळायला नको? ती माझी बहीण आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

हे लिहिल्यावर तुझं मागचं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'सगळ्यांना माहीत आहे' यावर तू काय लिहिलं होतंस ते. वाचून ठेवून दिलं.

चार दिवस ढगाळ होतं, दाणा अडून बसलाय. ११ ला काही जमत नाही. तारीख १८ कर. करता येते ना?

तात्यामामा


उस्मानपुरा,
७ जानेवारी

तात्यामामा,

केली तारीख १८. गंमत सांगते. मशीनला 'रद्द' आणि 'पुढं ढकललं' यातला फरक कळतो, दोन्हींना वेगळे शब्द आहेत. पुढं ढकललेल्याची जुनी तारीखही ते जपून ठेवतं. चार वर्षांपूर्वीचा तुमचा तो पहिला हुरडा मी यातल्या कुठल्या रकान्यात घालू?

आईला विचारलं. नाय म्हणाली. पण नाय म्हणताना नजर खिडकीबाहेर होती. तीळ निवडत होती, ते तसेच राहिले.

तनू


दौलताबाद,
१९ जानेवारी

तनू पोरी,

तुला ओरडू का तुझी दृष्ट काढू, हे अजून ठरलेलं नाही. आधी ओरडतो.

बाहेर तू बरोबर लिहिलं होतंस, पहिला दिवस लेकीबाळींचा. पण आत काय घातलंस? दर शून्य आणि यायला मोकळीक सगळ्यांना. मोबाइल प्रत्येकाला सांगत सुटला: 'पहिला हुरडा, रविवार, विनामूल्य, सर्वांसाठी.' दुपारपासून जी माणसं लोटली! सिडकोतून आली, छावणीतून आली, बिडकीनच्या कारखान्यांतली पोरं मोटारसायकलींवर आली. एका आजोबांनी तर नातवंडांची पलटणच आणली. मी म्हणालो, आज लेकीबाळींचा दिवस आहे. ते म्हणाले, "मग ह्या काय गाई-म्हशी हायत व्हय?" परत पाठवू कुणाला? आलेल्याला उपाशी धाडणं आपल्याच्यानं होत नाही. लीलाबाईनं चटणी वाटून वाटून पाटा झिजवला.

शेवटी सर्जेराव आला. मला वाटलं मजा बघायला आला. त्यानं न विचारता त्याची कणसं ट्रॉलीत घालून आणली आणि दुसरी आगटी पेटवली. त्याचा दाणाही वाईट नाही गं. बोलून दाखवू नकोस.

आता खरी गोष्ट. ऊन उतरलं, पहिली कणसं भाजून निघाली. मी चोळली, फुंकली, आणि पहिली मूठ हातात घेऊन उभा राहिलो. कुणाला देईना. लीलाबाई म्हणाली, "आता वाटा की, किती येळ मुठीत धरताल?" मी म्हणालो, दाणा निवू दे. मागून कुणीतरी ओरडला, "तात्या, झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पर लेकरं भुकेली हायत!" सगळी हसली. मीही हसलो. मूठ उघडली नाही. चार वर्षांपूर्वी थांबलो नव्हतो, या खेपेला दिवस मावळला असता तरी हललो नसतो.

तेवढ्यात विहिरीपाशी रिक्षा थांबली. तुझी आई उतरली, हातात डबा. मागून तू, पण तुझ्याकडं माझं लक्षच नव्हतं. ती तिथंच थांबली, मागच्या खेपेला थांबली होती तिथंच. वाटलं, ही आता वळते की काय. ती वळली नाही. सगळ्यांच्या देखत तिथूनच म्हणाली, "सगळ्यांना बोलावलंय म्हनं मोबाइलवर. त्या सगळ्यांत मी हाय का नाय?"

तनू, माझा कान कसा आहे तुला माहीत आहे. पण त्यातला एकेक शब्द मला ऐकू आला. चालत गेलो, तिचा हात धरला आणि मूठ तिच्या तळव्यावर रिकामी केली. तिनं चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "गार झालाय." मी म्हणालो, "चार वर्षं झाली साळू, गार होणारच." मग दोघंही रडलो. लीलाबाईनं लोकांना सांगितलं की धूर लई झालाय. पण आमच्याकडं धूर येतच नव्हता, वारा उलटा होता.

तेव्हा तुझी चूक माफ. उलट बरं झालं. सगळ्यांना बोलावलं म्हणून तिला यायला निमित्त मिळालं, तिचाही मान राहिला आणि माझाही. आतल्या नावाचं तिला कळलेलं दिसत नाही. कळू देऊ नकोस. ते आत आहे तिथं बरं आहे.

दृष्ट काढायचं ठरलं. पुढच्या रविवारी ये.

तात्यामामा


उस्मानपुरा,
२४ जानेवारी

दादा,

तुझी सगळी पत्रं तनूच्या पर्समधी सापडली. तिच्यावर चिडू नको, पर्स मीच उचकली. पेरू खाल्ले तवाच मला कळलं व्हतं की पाटीत आनखी काय तरी येतंय.

तुला वाटतंय मी मोबाइलवरचं फुकट बघून आले. फुकटचं खायला मी उस्मानपुऱ्यापास्नं रिक्षा करून येईन व्हय? एवढं डोकं हाय तुझं, दादा, पर बहिणीपुरतं चालत नाय.

आदल्या दिवशी तनूनं कंपूटर माझ्या पुढ्यात ठेवला. म्हनली, आई, हे मानसाला दिसत नाय, मशीनलाच दिसतं, पर तू बघ. नुसते कंस न् टिंबं. मधीच मराठीत माझं नाव. मी वाचलं न् तिला म्हनलं, चुकलंय गं, मी गोरडे हाय. ती म्हनली, चुकलं नाय, मामानं असंच लिवून दिलंय.

दादा, रेशन कारडावर मी गोरडे, बँकेत गोरडे, दवाखान्याच्या कागदावर गोरडे. तुझ्या भावजींचं नाव हाय, त्याचा मला अभिमानच हाय. पर माझं ते पहिलं नाव लग्नानंतर कुनी लिवलंच नव्हतं. मला वाटलं ते शाळेच्या पाटीवरच पुसलं गेलं. तू ते जपलंस, मला लई लई बरं वाटलं. म्हनून आले. सगळ्यांत हाय का नाय ते मी तुला मुद्दाम विचारलं, तुझ्या तोंडून काय निघतंय का बघाया. निघालं नाय ते नाय.

पर एक सांगते. तू मला आत लिवलंस न् बाहेर गप बसलास. चार वरसं हेच केलंस. मी काय मशीन हाय का, तुझ्या आतलं वाचाया? मीबी तसलीच. विहिरीपास्नं एक हाक मारली असती तर काय जीभ झिजली नसती.

तनू म्हनती तिच्या कामात नेम हाय, आत लिवलंय ते बाहेरबी दिसाय पायजे, नायतर लबाडी धरत्यात. मला हा नेम पटला. पुढल्या साली माझं नाव बाहेर लिव. गडाच्या फोटूखाली, तुझ्या फेट्याच्या शेजारी, मोठ्या अक्षरात.

डब्यातनं आणलेला हुरडा दोन दिसांत संपला. डबा कचरूकडं देते. रिकामा धाडू नये म्हनून तिळाचे लाडू घातलेत. वहिनीला दे, तू निम्मे खाऊ नको. आन् डबा भरून परत कर, बुडाला नाव हाय, चुकायचा नाय.

तुझी,
साळू रंगनाथ औताडे